वाढपाची खिडकी

मी एक खिडकी. पण रस्त्यावरून कोण आलं, कोण गेलं ते मला विचारू नका. माझ्या एका अंगाला चूल आहे आणि दुसऱ्या अंगाला पंगत. ऊन-वारा मला ठाऊक नाही. फोडणीचा वास आणि माणसांच्या जेवणाची बोलणी, एवढंच माझं जग.

माझं लाकूड झरी जामणीकडच्या रानातलं, सागाचं. तिथून बैलगाडीत पडून मी कळंबला आले. सुतारानं रंधा मारला, दोन झडपा बसवल्या, पितळी कडी लावली. सत्तावन्न साली नागोराव मास्तरांचं नवं घर उभं राहत होतं, त्यात स्वयंपाकघर आणि माजघर यांच्या मधल्या भिंतीत माझी जागा ठरली.

ती जागा मागितली होती मास्तरांच्या बायकोनं, सत्यभामानं. आदल्या वर्षी मास्तर विषमज्वरानं अंथरुणाला खिळले होते. तेव्हा तिनं महालक्ष्म्यांना हात जोडून म्हटलं होतं, हे उठून बसू देत, मी तुमच्या जेवणाला सोळा माणसं पोटभर जेवू घालीन आणि एकेकाचं पान माझ्या डोळ्यांनी पाहीन. मास्तर उठले. माणसं जेवू घालणं अवघड नव्हतं. अवघड होतं ते पान पाहणं. महालक्ष्म्यांच्या दिवशी सोवळ्यात चुलीपुढे बसलेल्या बाईला उठता येत नाही. तव्यावरची पुरणाची पोळी सोडून जायचं कुठं? बाहेर पंगत बसते, उठते, आणि जिनं रांधलं तिला कळतं ते फक्त रिकामं होऊन आलेल्या भांड्यांवरून. म्हणून तिनं नवऱ्याकडे मला मागितलं. नवस माझ्यातूनच फिटायचा होता.

मास्तरांनी पाटीवर नकाशा काढला. जफर मिस्त्रींनी भिंतीशी उभं राहून छातीच्या उंचीवर हात लावला, "खिडकी इथं ठीक राहीन," म्हणाले. मास्तरही उभे राहिले, तेही हो म्हणाले. मला तिथं बसवलं. दोघंही खूष.

चूल जमिनीवर आहे, हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

पहिल्याच वर्षी फजिती झाली. सत्यभामा पाटावर बसलेली, मी तिच्या डोक्याच्याही वर. आमटीचं पातेलं द्यायचं तर उठायचं, टाचा उंचवायच्या, वर हात करायचे. एकदा आमटी हातावर सांडली. पंगतही जमिनीवर, त्यामुळे तिला दिसायचं काय, तर समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर. तेव्हापासून वाढप पुन्हा मागच्या दारानं सुरू झालं. माझ्या झडपा मिटल्या. माजघराच्या बाजूनं माझ्या फळीवर मास्तरांचा आरसा आला, कंगवा आला, बामची डबी आली. तीन वर्षं मी दाढीचं सामान सांभाळलं. खोटं कशाला बोलू, आरशाची मला सवयही होऊ लागली होती.

दर वर्षी महालक्ष्म्यांना निरोप देताना सत्यभामा हळूच म्हणायची, आई, यंदाही राहिलं.

मग आलं साठ साल. लोहाऱ्याहून मास्तरांची मावसबहीण वच्छलाबाई जेवायला आली होती. गरीब स्वभावाची, बोलणं कमी. तिचं पान पंगतीच्या अगदी शेवटाला. आता माणसांची एक सवय मी पाहिली आहे. वाढणारा आला की ती पानावर हात आडवा धरतात आणि नको नको म्हणतात. ते नको खरं किती आणि खोटं किती, हे डोळ्यांत पाहिल्याशिवाय कळत नाही. वाढणारं पोर घाईत होतं. त्यानं हात पाहिला आणि पुढे गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वच्छलाबाईनं तुळसाबाईंना, म्हणजे सत्यभामाच्या सासूला, कानात विचारलं की रातची शिळी पोळी उरली आहे काय. तुळसाबाईंना नवल वाटलं.

"काहून वो, राती जेवली नाही काय?"

"जेवली ना मावशी. पोळी माझ्यापर्यंत आलीच नाही. अन् मागाचं कसं? लाज वाटली."

सत्यभामा आत चूल सारवत होती. मिटल्या झडपांतूनही तिला ऐकू गेलं. तिचा हात तिथंच थांबला. नवस बोलून आणलेलं माणूस तिच्या दारातून अर्धपोटी उठलं होतं.

चार दिवसांनी तिनं जफर मिस्त्रींना बोलावणं पाठवलं. त्यांना माजघरात सतरंजीवर बसवलं, पंगतीत बसतात तसं. स्वतः आत पाटावर बसली आणि मला उघडायला लावून विचारलं, "भाऊ, मी दिसून राह्यली काय तुमाले?"

मिस्त्रींनी मान उंचावली, वाकडी केली. "नाही वहिनी. आवाज येते फक्त." मग स्वतःशीच हसले. "मी उभा राहून मोजलं ना. आमच्या घरी हलीमा बसूनच रांधते, तरी मले सुचलं नाही. माझीच चूक हाय. मीच खाली घेऊन देतो."

तुळसाबाई मात्र अडून बसल्या. नैवेद्य दाखवायच्या आधी बाहेरच्यांची नजर अन्नावर पडणार, हे त्यांना मुळीच मान्य नव्हतं. सत्यभामा सासूला उलट बोलणारी नव्हे. ती एवढंच म्हणाली, "आई, नैवेद्य होईस्तोवर पडदा ठेवू. गाठ तुम्ही बांधा, तुम्हीच सोडा. पण आपली वच्छला उपाशी गेली."

तुळसाबाई बराच वेळ वाती वळत बसल्या. वच्छला त्यांच्या सख्ख्या बहिणीची लेक. शेवटी म्हणाल्या, "पडदा जाड पाहिजे."

मला भिंतीतून काढलं तेव्हा झडपा निखळतील असं वाटलं. पण मिस्त्रींचा हात हलका. या खेपेला त्यांनी सत्यभामाला पाटावर बसवून, तिच्या नजरेच्या रेषेत भिंतीवर कोळशानं खूण केली. तिथं मी आले, जमिनीपासून जेमतेम दीड हातावर. वरच्या भगदाडाचा कोनाडा झाला आणि आरसा तिकडे राहायला गेला.

एकसष्ट सालच्या महालक्ष्म्या आल्या. सोळा भाज्या, आंबील, कढी, पुरण. नैवेद्य झाला. तुळसाबाईंनी पडद्याची गाठ सोडली.

आणि सत्यभामानं पहिल्यांदा आपली पंगत पाहिली. तीही बसलेली, माणसंही बसलेली, डोळ्याला डोळा. कोण कढी आधी ओढतो, कोण पुरण शेवटासाठी राखून ठेवतो, सारं दिसत होतं. पोळी फुगली की ती माझ्यातून सरळ वाढणाऱ्याच्या हातात जायची. काय हवं ते बाहेरून कोणाला ओरडून सांगावं लागलं नाही.

शेवटाच्या पानावर वच्छलाबाई. पोळी आली तसा तिनं हात आडवा धरला.

"वच्छलाताई," सत्यभामा आतून म्हणाली, "हात काढा पानावरून. मी पाहून राह्यली."

पंगत हसली. वच्छलाबाईनं पदर तोंडाला लावला आणि हात काढला. दोन पोळ्या झाल्या, वर तूप झालं, तिसरी तिनं आपल्या तोंडानं मागितली. सत्यभामानं तव्याकडे तोंड फिरवून डोळे पुसले. धुरानं म्हणाल, तर धूर त्या वेळी नव्हता.

दुसऱ्या पंगतीला जफर मिस्त्री आणि हलीमाभाभी आले. माप बरोबर आलं की नाही ते पाहायला आलो, असं मिस्त्रींचं म्हणणं. ते पाहायला त्यांना चार पोळ्या लागल्या.

सगळे गेल्यावर सत्यभामा नेहमीसारखी चुलीपुढेच, कढईत उरलेलं घेऊन बसणार होती. तेवढ्यात माजघराच्या बाजूनं तुळसाबाई येऊन बसल्या, गुडघ्याला हात लावत. त्यांनी पूर्ण वाढलेलं पान माझ्यातून आत सरकवलं.

"जेव आता. मी बसतो इथं. पाहतो किती खाते ते."

आज मला या भिंतीत येऊन बरीच वर्षं झाली. माझ्या फळीवर तुपाचे डाग आहेत, हळदीची बोटं आहेत, एक झडप पावसाळ्यात फुगते आणि कुरकुरते. शेजारणी नवीन घर बांधताना मला पाहायला येतात. सत्यभामा त्यांना आधी पाटावर बसवते, मग माप सांगते. तुम्हीही घर बांधाल तेव्हा एवढं करा. रांधणारीला विचारा, तिला तिथून काय दिसायला हवं. बस, अधिक सांगत नाही. तवा तापला आहे आणि बाहेर पानं मांडली आहेत.