चौथा पाय कोणाचा?

मी एक जुनं टेबल आहे, आणि मित्रांनो, माझ्यासारखं भक्कम टेबल शोधून सापडायचं नाही. बघा, एवढं म्हणेपर्यंत डुगडुगलोच.

देश, प्रांत आणि शहर यांचे करार माझ्यावरच व्हायचे, असा घटनेतच नियम. एक पाय देशाने सांभाळायचा, एक प्रांताने, एक शहराने. चौथा सगळ्यांचा, म्हणजे कोणाचाच नाही. तिघं आपापला पाय दरवर्षी घासूनपुसून चकचकीत करायचे. चौथ्याच्या नशिबी फक्त झाडूचे रट्टे.

तरी मी कितीतरी करार पेलले. पेपरात माझे फोटो यायचे.

मग नदीच्या पाण्यावरून बिनसलं. प्रांताने बजावलं, आज सूर्य मावळायच्या आत सह्या झाल्या नाहीत तर आम्ही वेगळे, आणि टेबलातला आमचा वाटा कापून नेणार. तिघांचे तीन सुतार करवती घेऊन दारात उभे. माझी तर फळीन् फळी थरथरत होती.

देशाच्या मंत्र्यांना सगळे थोरले म्हणायचे, प्रांताच्या मंत्रीणबाईंना मधल्या आणि नगराध्यक्षांना धाकटे. थोरल्यांची, धाकट्यांची सही झाली. मधल्या वाकल्या, मी डुगडुगलो, आणि चहा थेट त्यांच्या मांडीवर.

"थोरले, तुमचा पाय लांब आहे. मुद्दाम ठेवलाय."

"बरं बाई, कापतो. थोरल्यानेच पडतं घ्यायचं असतं."

देशाच्या सुताराने पाय कापला. मी तिकडे कललो. मग प्रांताने आपला कापला, मग शहराने, मग पुन्हा देशाने. दुसऱ्याच्या पायाला करवत लावायची सोय नव्हती, आणि चौथ्याला हात लावणार कोण? मी गुडघ्याएवढा उरलो. खिडकीतलं ऊन भिंतीवर चढलं. तिघांना जमिनीवर बसावं लागलं.

"मधल्या, जरा गुडघा घ्या तिकडे," धाकटे म्हणाले. "नदी वाटून घेताय आणि इथे पाय ठेवायला जागा नाही."

मधल्यांना हसू फुटलं. "आधी या लांबड्या चौथ्या पायाचं काय ते बोला."

"सगळ्यांचा आहे ना? सगळे मिळून कापू," थोरले म्हणाले.

"मग धरा टेबल, आधी सही करते," मधल्या म्हणाल्या.

दोघांनी मला दोन्ही बाजूंनी घट्ट धरलं. ऊन जाता जाता मधल्यांनी सही केली. मी वाचलो.

मित्रांनो, आपापला पाय कोणीही जपतो. जे सगळ्यांचं असतं, त्याच्याकडे आधी बघा.

मग तिन्ही सुतारांनी चौथा पाय कापला, प्रत्येकाने आपापल्या मापाने. तो आखूड निघाला. त्याच्याखाली ताजा करार घडी घालून सरकवला. आता करार वाचायचा तर मला उचलावं लागतं, आणि उचलायला तिघांची परवानगी लागते.