दगडाबाईची भवानी

तोरण गल्लीत कुलपं निघाली, फळ्या बाजूला झाल्या, झाडलोट होऊन पाणी शिंपडलं, तरी दुकान उघडलं असं कोणी म्हणत नसे. दगडाबाई येऊन गेली की मग उघडलं. तोवर दारात कितीही मोठं गिऱ्हाईक आलं तरी दुकानदार "बसा की, चा घ्या" म्हणत त्याला लोंबकळत ठेवायचा.

दगडाबाई काही गल्लीची मालकीण नव्हती. सकाळी बेल-फुलं आणि शनिवारी लिंबू-मिरची विकणारी म्हातारी होती ती. नवरा तरुणपणीच गेलेला, कपाळ मोकळं. दुकानदार फुलांचं नाणं तिच्या हातावर ठेवायचा आणि तेच नाणं परत देऊन ती त्याच्याकडून काहीतरी घ्यायची. ही झाली भवानी, म्हणजे दिवसाची पहिली विक्री. भांड्यांच्या दुकानात डब्याशिवायचं झाकण, कापडाच्या दुकानात खणाची चिंधी, कासाराकडे एकच बांगडी. नाणं होतं तिथंच यायचं, पण दुकानदाराचा जीव भांड्यात पडायचा.

हे सुरू झालं रुद्रप्पाच्या दुकानापासून. रुद्रप्पा म्हणजे गल्लीतला भांड्यांचा जुना व्यापारी, पोटानं आणि मतांनी दोन्हीकडून मोठा. एका मंदीच्या सकाळी दगडाबाईनं त्याच्याकडे एक झाकण घेतलं आणि दुपारी अक्कलकोटाकडच्या एका लग्नाची सगळी भांडी त्याच्याकडून गेली. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली. पण रुद्रप्पानं कावळ्यालाच देव्हाऱ्यात बसवलं, आणि बघता बघता गल्लीनं आरती सुरू केली. विधवेची भवानी चालते का, असं कोणी विचारलं नाही. नफा दिसला की शास्त्र आपोआप वळचणीला जाऊन बसतं.

विरुपाक्षाला यातलं काही ठाऊक नव्हतं. तो दुधनीचा. वडील बसलिंगप्पा यांची तिथं अडत होती आणि विरुपाक्षानं जन्मभर शेंगांची पोती मोजावीत असा त्यांचा विचार होता. विरुपाक्षाला पोत्यांचा वीट आला होता. त्याला लुगडी विकायची होती. बापाशी भांडून त्यानं पंचाहत्तर सालच्या दसऱ्याला तोरण गल्लीत, रुद्रप्पाच्या समोरच, गाळा घेतला.

बाप म्हणाला, "संक्रांतीची गड्ड्याची जत्रा होस्तोवर बघ. चाललं तर चाललं. न्हाय तर गुमान यायचं आन् पोती मोजायची."

दसऱ्याच्या सकाळी नवी गादी, नवी पाटी, दारावर आंब्याचा डहाळा. त्या दिवसांत सरकारनं भावाच्या पाट्या लावायला लावल्या होत्या, म्हणून 'एकच भाव' हेही ठळक अक्षरांत लिहून घेतलेलं. आई बसम्मानं निघताना बजावलं होतं, पहिलं गिऱ्हाईक सवाष्णच बघ बाळा. आणि पहिली पायरी चढून आली ती दगडाबाई, मोकळ्या कपाळाची, हातात बेलाचा पुडा.

"अव्वा, आज नको," विरुपाक्ष हात आडवा करून म्हणाला. "मागनं ये."

दगडाबाई थबकली. "बरं बाबा," म्हणाली, पुडा पायरीवर ठेवला आणि पुढं गेली. समोर रुद्रप्पाच्या हातातली उदबत्ती तशीच राहिली.

"अरे, काय केलास बे!" तो रस्ता ओलांडून आला. "लक्ष्मी पायरी चढायली आन् तू तिला हाकललास?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

गल्लीनं त्याच्याशी भांडण काढलं नाही. तशी ती सभ्य होती. फक्त एक गोष्ट थांबली. तोरण गल्लीत दुकानदार एकमेकांकडे गिऱ्हाईक धाडत. भांडी झाली, आता लुगडी त्या तिथं बघा. लुगडी झाली, बांगड्या कोपऱ्यावर. नव्या दुकानाचा सगळा भरवसा त्यावरच असतो. विरुपाक्षाकडे कोणी कोणाला धाडेना. भवानी फिरलेल्या दुकानात माणूस पाठवून पाप कोण घेणार? बायका पायरीपर्यंत यायच्या, समोरून रुद्रप्पा खाकरायचा आणि बायका पुढं जायच्या. दिवाळीसुद्धा विरुपाक्षानं जवळजवळ माशा मारत काढली. दगडाबाई मात्र रोज फुलांचा पुडा पायरीवर ठेवून जायची. वर चढायची नाही.

"तुमची आई आन् तुमचं पयलं गिऱ्हाईक," त्याची बायको काशम्मा म्हणायची, "दोघींच्यामधी आपलं दुकान मेलं."

मार्गशीर्ष सरत आला तसा विरुपाक्षाचा धीर सुटला. त्याला रात्री शेंगांच्या टरफलांचा वास यायला लागला. शेवटी एका दुपारी नारळ घेऊन तो गिरणीमागच्या चाळीत दगडाबाईचं घर शोधत गेला. ती दारात बसून मिरच्या ओवत होती. शेजारी मथुराबाई नावाची तिची मैत्रीण तांदूळ निवडत बसलेली.

"अव्वा, चुकलो मी," विरुपाक्षानं नारळ पुढं ठेवला. "राग धरू नका. उद्या सकाळी भवानीला या."

"मी कुटं राग धरलाय?" दगडाबाई मिरचीवरची नजर न काढता म्हणाली. "सकाळी न्हाय यायची. दुपारी यीन."

"दुपारी भवानी कशी हुईल?"

"भवानी कुनाला करायचीय? मला लुगडं बघायचंय."

विरुपाक्षाला वाटलं, म्हातारी आपली फिरकी घेतेय. मथुराबाई तोंडाला पदर लावून हसत होती. पण दगडाबाईनं सुई खाली ठेवली आणि त्याच्याकडे नीट पाहिलं.

"त्या गल्लीत इतकी वर्सं जाते, पर कुणी मला बस म्हनलं न्हाय. पायरीवर हुबं ऱ्हायचं, त्यांनी दिलेलं घ्यायचं, आपली वाट धरायची. गादीवर बसून, दहा लुगडी बघून, मला हे न्हाय ते दाव, असं करायचंय एकदा. दावशील का?"

आंधळा मागतो एक डोळा, असं वाटून विरुपाक्ष उड्या मारत परतला. बघेल म्हणजे घेईलच की! भवानी सकाळची असो वा दुपारची, दगडाबाईनं त्याच्याकडून वस्तू घेतली हे गल्लीला दिसलं म्हणजे झालं.

संक्रांतीच्या आधीचा शनिवार. जत्रेसाठी आलेल्या माणसांनी गल्ली भरून गेली होती. दगडाबाई आली. पाय पुसले, पायरी चढली आणि गादीवर मांडी घालून बसली. समोरच्या दुकानात रुद्रप्पा उभा राहिला. मग कासार आला, मग किराणावाला. गल्लीला कामधंदे होते, पण असं रोज कुठं बघायला मिळतं?

विरुपाक्षानं तिच्यासमोर पांढरी आणि करडी लुगडी टाकली, बारीक काठांची, तिच्या वयाला आणि कपाळाला शोभतील अशी. तिनं ती हातानंच बाजूला सारली.

"ते वरचं दाव."

वरचं म्हणजे डाळिंबी. मोरपंखी काठाचं. विरुपाक्षाचा हात क्षणभर फळीवरच राहिला. पण दसऱ्याला एकदा त्यानं शास्त्र पाहिलं होतं आणि त्याचं फळ भोगत होता. त्यानं डाळिंबी काढलं. मग वांगी, मग आमसुली, मग चिंचेच्या पाल्यासारखं हिरवं. घड्या उलगडत गेल्या, गादी दिसेनाशी झाली. तिनं पाणी मागितलं. चहा मागितला. पदर उलगडायला लावला, उन्हात धरून दाखवायला लावला. पुन्हा डाळिंबीवर आली. भाव विचारला.

"लई सांगतोस."

"एकच भाव हाय अव्वा, पाटी बघा की."

"पाटी मला कुटं वाचता येतीय? कमी कर."

त्यानं कमी केला. तिनं आणखी कमी करायला लावला. विरुपाक्ष घामाघूम झाला. शेवटी तो खरेदीच्याही खाली आला आणि हात जोडून बसला.

दगडाबाईनं लुगड्याच्या काठावरून एकदा हात फिरवला, मग उठली. "बगते," म्हणाली. "यीन परत." आणि पायरी उतरून, रिकाम्या हातानं, सगळ्या गल्लीच्या डोळ्यांदेखत निघून गेली.

समोर रुद्रप्पानं कपाळावर हात मारला. "रिकाम्या हातानं गेली! संपलं बघ याचं." आता दुधनी, आता पोती, असं मनाशी म्हणत विरुपाक्ष त्या ढिगाऱ्यात सुन्न बसून राहिला. त्या म्हातारीचा त्याला इतका संताप आला होता की ती समोर असती तर तो काय बोलला असता कोण जाणे.

घड्या घालायचंही त्याला सुचलं नाही, आणि तेच त्याच्या पथ्यावर पडलं. वैरागहून लग्नाचा बस्ता बांधायला आलेल्या चारपाच बायका मघापासून रस्त्यात उभ्या राहून तो रंगांचा ढीग पाहत होत्या. आयतीच उलगडलेली लुगडी दिसली तशा त्या आत शिरल्या. त्यांना पाहून आणखी दोघी आल्या. रुद्रप्पा खाकरत राहिला, पण गर्दीत त्याचं खाकरणं कोणाला ऐकू येतंय? दिवेलागणीपर्यंत विरुपाक्षाच्या फळ्या अर्ध्या रिकाम्या झाल्या. डाळिंबी लुगडं मात्र त्यानं कोणाला दिलं नाही. दगडाबाई परत येते म्हणाली होती आणि गिऱ्हाइकाचा शब्द त्याला मोडवेना.

गल्लीनं आठवड्याभरात आपलं शास्त्र दुरुस्त करून घेतलं. "घेतलं न्हाय तर काय झालं? ती निसती बसली तरी पुरे हाय," रुद्रप्पा सांगायला लागला, आणि आपल्या गिऱ्हाइकांना बोटानं समोरचं दुकान दाखवायला लागला. जत्रा संपली. बापाचा निरोप आला नाही. पुढं रुद्रप्पानं विरुपाक्षाला गल्लीच्या गणपतीच्या वर्गणीचं काम दिलं, म्हणजे तो आता पुरता गल्लीचा झाला.

दगडाबाई खरंच परत येत राहिली. कधी महिन्यानं, कधी पंधरवड्यानं, दुपारी गर्दी नसताना. बसायची, चहा घ्यायची, डाळिंबी काढायला लावायची, काठ फार रुंद आहे किंवा रंग जरा भडक आहे म्हणायची, आणि "यीन परत" म्हणून जायची. सुरुवातीला विरुपाक्ष वैतागायचा. नंतर तो न सांगता लुगडं काढायला लागला.

सत्त्याहत्तरच्या उन्हाळ्यात एका सकाळी गल्लीत फुलं आली नाहीत. मथुराबाई आली आणि म्हणाली, "गेली वो दगडाबाई. झोपेतच गेली."

गाव करी ते राव न करी. गल्लीनं दुकानं बंद ठेवली आणि सगळे चाळीत गेले. प्रत्येक कापडवाल्यानं पांढरं वस्त्र आणलं होतं. विरुपाक्ष डाळिंबी लुगडं घेऊन गेला. त्यानं मनाशी पक्कं केलं होतं, कोणी काही म्हणो, हे तिच्या अंगावर घालायचं.

आत मथुराबाई जमलेली एवढी वस्त्रं ठेवायला दगडाबाईची ट्रंक रिकामी करत होती. आधी झाकणं निघाली. झाकणांवर झाकणं, एकालाही डबा नाही. मग खणाच्या चिंध्या, कशाचीच चोळी होणार नाही अशा. गुंड्या, हेअरपिना, किराणावाल्याच्या वेलदोड्याच्या पुड्या, वास गेलेल्या. आणि सुतळीत ओवलेल्या बांगड्या, हिरव्या, लाल, मोरपंखी. विधवेच्या ट्रंकेत कासाराचं अर्धं दुकान. कासार मागं सरकला. रुद्रप्पानं आपली झाकणं ओळखली आणि पहिल्यांदाच त्याला काही मत सुचलं नाही. या बाईला कधी काय हवं होतं हे तिथल्या एकालाही माहीत नव्हतं.

"तुजं काय न्हाय बग ह्यात," मथुराबाई विरुपाक्षाला हळूच म्हणाली. "तुजं लई कवतिक सांगायची पर. मी म्हनायची, आवडलंय तर घेऊन टाक की ते लुगडं, तो दुधनीवाला फुकट बी दील. तर म्हनायची, सगळीकडं घ्यावंच लागतंय मथुरे. तितं न घेता उटून येता येतंय."

विरुपाक्ष लुगडं हातात धरून उभा राहिला. त्याला रडू आलं आणि त्यानं ते लपवलं नाही. हे तिच्या अंगावर घातलं, तर तिनं शेवटी त्याच्या दुकानातूनही घेतल्यासारखं होईल, आणि या वेळी तिला नाही म्हणता येणार नाही. त्यानं लुगड्याची घडी काखेत मारली आणि सगळ्यांच्या समोरून ते घेऊन बाहेर येऊन उभा राहिला.

"बघितलास?" रुद्रप्पा कासाराला म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "जिच्या जिवावर दुकान चाललं, तिला द्यायला आनलेलं लुगडं परत नेतोय. दुधनीचा चिक्कू तो चिक्कूच!"

पुढं किती तरी वर्षं गल्लीत त्याची ही गोष्ट सांगितली जायची. गणपतीच्या वर्गणीचं कामही दुसऱ्याकडे गेलं. विरुपाक्षानं कधी खुलासा केला नाही.

स्मशानातून आल्यावर आंघोळ करून तो दुकानात गेला. काशम्मा त्याच्या मागोमाग आली. तिच्याही कानावर गेलं होतं.

"लोकांसमोर परत कशाला आणलात ते?" तिनं विचारलं.

"गिऱ्हाइकानं घेतलं न्हाय," विरुपाक्ष म्हणाला, आणि त्यानं ते लुगडं वरच्या फळीवर, होतं त्या जागी ठेवलं.