पाय टेकला की पिंप

आमच्या नेरूळच्या सोसायटीत पंच्याऐंशी साली सायकल-पोलोचं खूळ आलं ते नंदकुमार भावजींमुळे. नियम त्यांचेच. दोन्हीकडे तीन-तीन सायकली, एक रबरी चेंडू, बांबूच्या टोकाला पाइपाचा तुकडा ठोकून केलेली काठी, विटा मांडून केलेले गोल. आधी पाच गोल करील तो जिंकला.

मग मी आणि शेजारची स्मिता खेळायला उतरलो, आणि चार दिवसांत नवा नियम निघाला. पाय जमिनीला टेकला, की कडेला ठेवलेल्या डांबराच्या रिकाम्या पिंपाला हात लावून यायचं. तोवर चेंडूला काठी लावायची नाही. नियम कुणासाठी होता ते शेंबड्या पोरालाही कळलं असतं. आमचे पाय मिनिटामिनिटाला टेकायचे. अख्खी संध्याकाळ पिंपाकडे हेलपाटे, आणि गॅलऱ्यांतून लोक खिदळतायत.

"वहिनी, तुम्ही आपली स्कोअरची वही सांभाळा," भावजी म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. पुढच्या रविवारी मॅच लावा, म्हटलं. हरलो तर आम्ही बायका पुन्हा मैदानात पाऊल टाकणार नाही, जिंकलो तर रोज खेळू. आमच्यातला तिसरा म्हणजे माझा नवरा मधुकर. काय गरज होती बोलायची, म्हणून घरी तो चांगलाच करवादला. गरज होती. आयुष्यात पहिल्यांदा मला ऑफिस आणि ओट्यापलीकडचं काहीतरी मनापासून आवडलं होतं.

जासई गावचा भगवान आमच्या बिल्डिंगीत सायकलवर मीठ विकायला यायचा. मागे गोणी असली की उतरणं-चढणं जिवावर येतं, म्हणून गिऱ्हाईक खाली येईपर्यंत हा बाबा सायकलवरच जागच्या जागी तोल धरून उभा. मी त्यालाच धरलं. रोज सकाळी ऑफिसच्या आधी तो मला मिठागराच्या बांधावर सायकल चालवायला लावायचा. हातभर रुंद बांध, दोन्हीकडे चिखल.

"ताई, हितं पाय टेकायला जागाच नाय. म्हनून ते मनात पन आनू नको."

दोनदा चिखलात आडवी झाले. तिसऱ्या दिवशी जमलं: पुढचं चाक तिरकं, ब्रेक अर्धा दाबलेला, नजर लांब.

रविवारी चार-चार झाले. स्मितानं मारलेला चेंडू त्यांच्या विटांपासून वीतभर अलीकडे थांबला. मी पोचले, तर भावजी सायकल आडवी घालून समोर. मीही थांबले. चाक तिरकं, ब्रेक अर्धा. आता टेकेल हिचा पाय, म्हणून ते हसत माझ्या चपलेकडे बघत राहिले. मी लांब बघत होते. त्यांची सायकल डुगडुगली, एकदा, दोनदा, आणि त्यांचा पाय धपकन खाली आला.

"भावजी, पिंप," मी म्हटलं.

नियम त्यांचाच. ते पिंपाकडे वळले. मी चेंडू अलगद विटांमधून ढकलला आणि गॅलऱ्यांतून असा गलका उठला की मला रडूच फुटलं. मधुकर तर सायकल टाकून नाचत होता.

भावजी परत आले तेव्हा मी त्या मॅचमध्ये पहिल्यांदाच पाय टेकून उभी होते. त्यांच्या हातात मी स्कोअरची वही दिली आणि पाच-चार लिहायला सांगितलं. त्यांनी लिहिलं. त्यांच्या अंगठ्याचं डांबर त्या पानावर अजून आहे.