साहेबांची सुकेळी

राजेळी केळी सोलून मांडवावर उन्हात पसरायची, संध्याकाळी सुक्या पानांत गुंडाळून ऊब द्यायची, सकाळी पुन्हा ऊन दाखवायचं. आठवडाभर असं केलं की मधाच्या रंगाची सुकेळी होतात. गिरीज गावातल्या आपल्या वाडीत श्रीपत दर हिवाळ्यात हे करी. त्या सकाळी तो त्यातली मऊ, लांबसडक सुकेळी निवडून बाजूला काढत होता. ते बघून उन्नतीचं डोकं फिरलं.

"बाबा, परत वालीवला?"

"जाऊन येतो. साहेब म्हनालेले, कळवतो."

"कळवतो म्हणजे ते कळवतील. आपण जायचं नसतं."

"तुझ्या आत्याला बघून गेले तवा त्यांनी पन कळवतोच म्हटलेलं. तुझा आजा खेपा घालत रायला म्हनून सोयरीक जमली. पोरीच्या बापानं घरात बसून चालत नाय."

"ही सोयरीक नाही. नोकरी आहे."

"तुला समोर बसवून बघितली ना? शिक्षन विचारलं, घरचं विचारलं. मग आनखी काय असतं सोयरिकीत?"

चुलीपुढून उन्नतीची आई मनोरमा म्हणाली, "जाऊ दे गो त्यांना. आनि तुमी रिकाम्या हातानं जाऊ नका. बरं दिसत नाय."

दिवाळीच्या आधी वालीवच्या एका पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यात उन्नतीची मुलाखत झाली होती. जागा हिशेबाच्या कारकुनाची. उन्नती बी.कॉम. झालेली, कॉम्प्युटर शिकलेली. मनोरमेचा जन्म डोक्यावर भाजीची पाटी घेऊन बाजार गाठण्यात गेला होता. पोरीनं पंख्याखाली बसावं, एवढंच श्रीपतला हवं होतं.

तो जायचा. एस्टीनं स्टेशन, पूल ओलांडून पूर्वेला, तिथून रिक्षात चौथा होऊन ड्रायव्हरच्या कडेला टेकायचं. परत आला की ओटीवर पाय धुता धुता सांगायचा.

"साहेबांनी खुर्ची दिली आज. बाईंना लय आवडली म्हनाले सुकेळी."

"आणि नोकरीचं?"

"शेटशी बोलतो म्हनाले."

पुढच्या खेपेला तो जास्तच खुशीत होता. "दोन पुडे सांगितलेत. सासरी द्यायचेत त्यांना. आता सांग, घरचा मानूस समजल्याबिगर कोन मागतो?"

शेजारच्या वाडीतून हिलरी कुंपणावर हात टेकून हसला. "श्रीपतदादा, पोरगी कामाला लागंल तवा लागंल. साहेबाची दाढ मात्र लागली बग कामाला."

"तुझ्या तोंडाला हाड नाय, हिलरी," म्हणत श्रीपत पुडा बांधू लागला.

पौषात श्रीपत गेला. दुपारी जेवून उठला, छातीला हात लावून ओटीवर टेकला, तो तिथंच आडवा झाला. मांडवावर सुकेळी पसरलेली होती. त्या संध्याकाळी ती कोणी उचलली नाहीत. दवानं काळी पडली, माश्या बसल्या.

दिवसकार्य झालं, पाहुणे पांगले, आणि उन्नती वालीवला गेली. मोकळ्या हातानं.

बाहेरच्या टेबलावर, पंख्याखाली, एक मुलगी व्हाउचर लावत होती. पिंकी तिचं नाव. उन्नतीनं विचारलं, "तुम्ही इथं कधीपासून?"

"दिवाळी झाल्याझाल्या लागले. का हो?"

उन्नतीला वाटलं, पायाखाली काहीतरी नासकं चिरडलंय. तशीच ती आत गेली. जितेंद्र साहेब, मुलाखत त्यांनीच घेतली होती, दातात काडी घालून बसले होते.

"अरे, ये ये. वडील नाही आले? बऱ्याच दिवसांत फिरकले नाहीत."

"वडील गेले."

"अरेरे." त्यांनी काडी खाली ठेवली. मान हलवली. मग म्हणाले, "आता सुकेळी कोण करतं तुमच्याकडे?"

उन्नती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. जाड, ओलसर ओठ. बापाच्या हातचं सगळं तिथून खाली उतरलं होतं.

"साहेब, जागा दिवाळी होताच भरली ना? मग माझ्या वडिलांना 'नाही' असं का सांगितलं नाही?"

"अगं, म्हातारा माणूस इतक्या लांबून यायचा. तोंडावर नाही कसं म्हणायचं? वाईट वाटलं असतं त्यांना."

"मला म्हणा. मी आलेय ना."

"तसं नाही गं. होळीनंतर काहीतरी निघेल. बघतो मी." ते हसले. "कळवतो."

दारात पिंकी उभी होती. ती हळू आवाजात म्हणाली, "नाहीये काही. जा तू घरी, ताई."

घरी मनोरमा मांडवाखाली बसली होती. राजेळीचा नवा घड पिकला होता, तो तिनं सोलायला घेतला होता.

"काय म्हनाला साहेब?"

"कळवतो म्हणाले."

मनोरमेनं पदरानं हात पुसले. "मग यातली चार चांगली त्यांच्यासाठी काढून ठेवू? तुझा बापूस नाय म्हनून रीत कशाला मोडायची?"

उन्नती तिच्यासमोर बसली, एक केळं उचललं आणि सोलू लागली.

"गोठ्यात घाल, आये. गुरं खाऊन शेन तरी देतात."