भोंग्याचे कान

“ही चालू आहे का बंद?” भोंगा ओरडला आणि नव्या शेडमधले सगळे दचकून वळले.

साहेब विजेवरच्या गाडीबद्दल माहिती सांगत होते, तेही हळू आवाजात. कारखान्यात हळू बोलून भागतं, याचंच आम्हाला नवल वाटत होतं. गाडी चालू होती, पण ना घरघर, ना थरथर. भोंग्याने सवयीने बॉनेटवर पंजा ठेवला होता आणि हाताला काहीच लागत नव्हतं.

“चालू आहे,” साहेब हसून म्हणाले. “आणि काका, मी इथेच उभा आहे, पलीकडच्या गावात नाही.”

सगळे हसले. भोंगाही हसला, पण जरा उशिराने, आमची तोंडं बघून.

त्याचं खरं नाव हजेरीपुरतं. बाकी तो भोंगा आणि मी लंबू. आम्ही जुन्या इंजिन खात्यातले. तयार झालेलं इंजिन स्टँडवर चढवायचं, चालू करून तापवायचं, ठणठणीत वाटलं की पुढे सोडायचं. समोरासमोरच्या दोन स्टँडवर आमची उभी हयात गेली. तिथे कानाशी तोंड नेऊन बोंब मारली तरी पत्ता लागायचा नाही, म्हणून आमच्या खात्याची हातांची भाषा होती. सपाट पंजा दाखवला की सगळं ठीक. मूठ छातीशी धरून मनगट फिरवलं की इंजिन बंद. नाक चिमटीत धरलं की साहेब येतायत. त्याच्या मुलीचं लग्न ठरलं ते मला हातांनीच कळलं होतं आणि माझी आई गेली तेव्हा त्याने माझं सांत्वनही हातांनीच केलं होतं. कानात घालायला कंपनी बोळे द्यायची. ते आमच्या खिशात असायचे. बोळे घातले की इंजिनाची कुरकुर कळत नाही, असा आमचा तोरा होता.

मग कंपनीने ठरवलं, यापुढे विजेवरच्या गाड्या. इंजिन खातं बंद. पोटावर पाय आला म्हणून बरेच जण बोटं मोडत होते. भोंगा मात्र नव्या नवरदेवासारखा खूश. त्याची नात दम्याची. हवा जरा जड झाली की ते लेकरू खिडकीशी बसून श्वास ओढत राहायचं, आणि हा माणूस दिवसभर धूर सोडणारी इंजिनं पास करून घरी जायचा. ते त्याला आत कुठेतरी खात होतं. नव्या शेडची बातमी आली त्याच दिवशी त्याने तिला सांगून टाकलं, “आता आजोबा बिनधुराची गाडी करणार.”

नव्या शेडमध्ये कायमचं काम मिळायला एकच अट होती: कानाची तपासणी. तिथल्या गाड्या मांजराच्या पावलांनी येतात. मागे कोणी असलं की गाडी बारीक पिपाणीसारखी वाजते, ती ऐकू यायला हवी.

भोंग्याने मला नळापाशी गाठलं. गुपित सांगायचं होतं, पण कुजबुजणं त्याच्या रक्तातच नव्हतं. म्हणून हातांनी बोलला. तपासणीच्या वेळी काचेच्या खोलीत बसवतात. हेडफोनमध्ये आवाज आला की बटण दाबायचं. आवाज सोडला की तपासणाऱ्या बाईंच्या यंत्रावर दिवा लागतो आणि तो बाहेरच्या बाकावरून दिसतो. तू फक्त पंजा दाखव.

“इतकं कमी ऐकू येतं?” मी तोंडाने विचारलं.

त्याने माझ्या ओठांकडे बघितलं. “जाडे आवाज येतात रे. बारीक नाही येत. पाखरं तर केव्हाच गेली.”

मी पंजा दाखवला. इतक्या वर्षांच्या सोबत्याला नाही कोण म्हणेल?

तपासणीच्या आदल्या दिवशी आम्हाला गाडी मागे-पुढे घ्यायला शिकवत होते. भोंगा स्टिअरिंगवर बसला. गाडी मागे निघाली. शेड झाडणाऱ्या मावशी नेमक्या मागे वाकून बादलीत फडकं पिळत होत्या, आरशात दिसणार नाहीत इतक्या खाली. गाडी वाजायला लागली. सगळ्यांनी ऐकलं, चालवणाऱ्याने सोडून. “थांब!” मी ओरडलो. हात हलवले. पण त्याची मान मागे वळलेली, माझे हात त्याला दिसणार कसे? शेवटी मी धावत जाऊन बॉनेटवर दोन्ही मुठी आपटल्या. तो हादरा त्याला कळला. गाडी थांबली.

बादलीचा चुरा झाला होता. पाणी पांढऱ्या फरशीवर पसरत होतं. मावशी भिंतीला टेकून धापा टाकत होत्या.

“बादलीच गेली ना? माझी कंबर शाबूत आहे,” त्या म्हणाल्या. “नवी गाडी आणि जुना गडी, व्हायचंच!”

शिकवणाराही म्हणाला, पहिल्या दिवशी पाय चुकतो कोणाकोणाचा. कोणाला शंकासुद्धा आली नाही. भोंगा गुडघ्यावर बसून बादलीचे तुकडे वेचत राहिला. मावशी नको नको म्हणत होत्या. ते त्याला ऐकू आलं नसेल, किंवा आलंही असेल.

दुसऱ्या दिवशी माझी तपासणी आधी झाली आणि नशिबाने मी पास झालो. मग तो काचेच्या खोलीत शिरला आणि मी बाहेर बाकावर बसलो. बाईंनी यंत्र सुरू केलं. आधी जाडे आवाज असावेत, कारण माझ्याकडे न बघताच तो बटण दाबत होता. मग दिवा लागला आणि त्याचा अंगठा हलला नाही. मी पंजा वर केला. त्याने तो बघितला. तरी दाबलं नाही. पुन्हा दिवा, पुन्हा माझा पंजा. भोंगा माझ्याकडे बघत राहिला, आणि मग त्याने शांतपणे डोळे मिटून घेतले.

दिवे लागत गेले, विझत गेले. माझा हात हवेत तसाच राहिला. मला त्याचा असा राग आला होता की काय सांगू.

“काका, नव्या शेडमध्ये नाही पाठवता येणार,” बाहेर आल्यावर बाईंनी त्याच्यासमोर उभं राहून सावकाश सांगितलं. “जुन्या इंजिनांच्या सुट्या भागांचं कोठार आहे, तिथे काम मिळेल. पण इतकी वर्षं कानात काही घातलं नाहीत का?”

“घालायला पाहिजे होतं,” भोंगा म्हणाला. इतक्या हळू, की बाईंनी पुन्हा विचारलं.

फाटकाबाहेर आल्यावर मी त्याचा दंड धरून त्याला माझ्याकडे वळवलं. “मी हात दाखवत होतो ना रे! दिसला नाही?”

“दिसला.”

“मग?”

“गाडीच्या मागे कुठे दाखवशील?” तो म्हणाला. “काल बादली होती म्हणून.”

थोडं चालून तो म्हणाला, “घरी चल माझ्याबरोबर. सांगायला जड जातंय.”

वहिनींनी दार उघडलं. हात ओले होते. त्यांनी आधी त्याच्याकडे, मग माझ्याकडे बघितलं. आयुष्यभर ओरडून बोललेल्या माणसाचं तोंड उघडेना. मी घसा साफ केला. “वहिनी, त्याचं काय झालं…”

भोंग्याने मला हातानेच थांबवलं. मग मूठ छातीशी धरली आणि मनगट फिरवलं. इंजिन बंद.

वहिनींनी ओला हात पुसला आणि सपाट पंजा वर केला. ठीक.

मी बघतच राहिलो. ही आमच्या खात्याची भाषा. खात्याबाहेर ती कोणाला येते, हे माझ्या गावीही नव्हतं.

“असे काय बघता, भावजी?” वहिनी म्हणाल्या. “हाका मारून मारून माझाच घसा बसायची वेळ आली होती. कधीची शिकले मी. नातीलाही येते. दम लागला की तिला तरी कुठे बोलता येतं?”

नात खिडकीशी बसली होती, पाठीशी दोन उशा घेऊन. आजोबा दिसताच तिने दोन्ही हातांनी हवेत चाक फिरवलं आणि भुवया उंचावल्या. झाली का बिनधुराची गाडी?

भोंगा तिच्याजवळ जाऊन बसला. त्याने मान हलवली, नाही म्हणून. तिचे हात खाली आले. मग त्याने माझ्याकडे बोट दाखवलं आणि हवेत चाक फिरवलं. हा करणार.

ती माझ्याकडे बघायला लागली. भोंगाही बघत होता.

मी पंजा वर केला. सकाळी काचेबाहेर धरला होता, तोच. या वेळी भोंग्याने डोळे उघडे ठेवले.