कवळ्या कोबीची किमची

मिरान पहाटेच उठून बसली. आधी तिनं उशाखालचा पासपोर्ट चाचपला, मग खिडकीतून अंगणातले कोबी पाहिले. पासपोर्ट एक, कोबीचे गड्डे एकशे वीस, आणि दीड वाजता नामवोनच्या स्टँडवरून विमानतळाची बस. रात्रभर मिठाच्या पाण्यात मुरलेला कोबी कुणाच्या बापासाठी थांबत नाही. सकाळी धुवायचा, निथळायचा आणि पानापानात मिरचीचा मसाला भरायचा. हे किमजांग, म्हणजे घराची वर्षाची किमची, कोबीचं आंबवलेलं तिखट लोणचं, घालायचं काम, आणि सासूबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं की ते उरकल्याशिवाय कुणी उंबरठा ओलांडायचा नाही.

तरी मिरानला आतून नुसतं हसू फुटत होतं. सात वर्षांनी ती लाओसला निघाली होती. दुभंगलेल्या ओठांची पोरं तिथं डोंगरातून दोन-दोन दिवस चालत येतात, आणि कोरियातलं डॉक्टरांचं एक पथक दरवर्षी पंधरा दिवस जाऊन त्यांचे ओठ शिवून देतं, फुकट. नवरा थेसॉक शिवणारा, मिरान भूल देणारी. दोघांची गाठ त्या पथकातच पडली होती. बोम झाली तशी मिरान घरी राहिली आणि थेसॉक एकटा जाऊ लागला. कुणीतरी एकानं पोरीपाशी राहायला हवं होतं, हे तिलाही पटलेलं होतं. तो फोटो घेऊन यायचा, ती ‘छान आलेत’ म्हणायची आणि त्याचे मळके कपडे मशिनमध्ये कोंबायची. यंदा पथकातल्या लहान मुलांच्या भूलतज्ज्ञानं पाय मोडून घेतला. यादीत तेवीस पोरं, त्यातली अकरा वर्षाच्या आतली. तान्ह्याला भूल देणं म्हणजे खेळ नव्हे, ऐऱ्यागैऱ्याला जमत नाही. थेसॉक हे सांगत होता, त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत ती म्हणाली, मी येते.

राहता राहिली सहा वर्षांची बोम. तिला आजीपाशी ठेवायचं म्हणून दोघं गावी विचारायला आले, तेव्हा सासूबाई मुळा किसत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. “दोघंही?” एवढंच म्हणाल्या. बराच मुळा किसून झाल्यावर म्हणाल्या, “किमजांगला हजर राहा, बोमची आई. मग कुठं जायचं तिथं जा.” आणि दिवस कुठला धरला? दरवर्षी डिसेंबरात, चांगलं दहिवर गोठायला लागल्यावर होणारं किमजांग यंदा नोव्हेंबरच्या मध्यावर, नेमकं विमानाच्या शनिवारी. मिरान नवऱ्याला म्हणाली, तुझ्या आईनं बरोब्बर पाचर मारली. तो म्हणाला, तिला विमानाची तारीख काय ठाऊक. ठाऊक कशी नाही, मिराननं स्वतः दोनदा सांगितली होती.

असो. शिव्या घालत बसायला वेळ कुणाला होता? सातच्या ठोक्याला अंगणात ताडपत्री पसरली, शेजारच्या सहा बायका आल्या, सगळ्यांनी लाल रबरी हातमोजे चढवले आणि काम सुरू झालं. मिरानचे हात असे चालले की बायका बघत राहिल्या. शहरातली डॉक्टरीण म्हणून आजवर त्यांनी तिची कमी थट्टा केली नव्हती. आज एकजण म्हणाली, विमान रोज असावं बाई, सुनेला वळण लागतं. मिरानही हसली. तिला आज कुणाचा राग येत नव्हता, आला तरी टिकत नव्हता.

एकच गोष्ट खुपली. किमजांगला कोबीचं कवळं आतलं पान तोडायचं, त्यात मसाला गुंडाळायचा आणि आपल्या हातानं दुसऱ्याच्या तोंडात भरवायचा, ही तिथली रीत. ज्याच्यावर जीव त्याला मोठा घास. सासूबाईंनी सगळ्या बायकांना भरवलं, बोमला दोनदा भरवलं, थेसॉकला तर कोंबलंच. मिरानच्या पुढून त्या चारदा गेल्या, पण त्यांचा हात काही तिच्या तोंडाकडे वळला नाही. मिराननं खाली मान घालून पुढचा गड्डा उचलला.

अकराला कुरिअरवाला आला. थेसॉकच्या दोन्ही बहिणींना, मामांना, मावशीला किमची जायची होती. पांढरे थर्माकोलचे पाच खोके चिकटपट्टी मारून ओट्यावर तयार होते. कुरिअरवाल्यानं ते गाडीत टाकले आणि निघून गेला. साडेअकराला शंभर गड्डे झाले. मिराननं हातमोजे काढले, पाठ मोडून आळस दिला आणि सामान एकदा बघावं म्हणून ओट्यावरचा तिचा खोका उघडला. आत किमची होती.

तान्ह्या पोरांचे श्वासाचे मास्क आणि नळ्या तिनं अशाच एका खोक्यात भरल्या होत्या, हलका असतो आणि आतलं काही चेपत नाही म्हणून. सासूबाईंच्याच गठ्ठ्यातला खोका, त्यांचीच चिकटपट्टी. पत्त्याच्या चिठ्ठ्या डकवल्या होत्या थेसॉकनं, त्यातली एक नेमकी तिच्या खोक्यावर. पेशंटचा डावा-उजवा तीनदा विचारल्याशिवाय सुरी न उचलणारा माणूस, पण आईच्या ओट्यावर त्यानं एकदाही आत डोकावून पाहिलं नव्हतं. तिथल्या इस्पितळात मोठ्यांचे मास्क होते, तान्ह्यांचा एकही नव्हता. त्या खोक्याशिवाय मिरान तिथं पोहोचून करणार काय? अकराच्या अकरा पोरं आयांच्या पाठीवर बसून परत डोंगरात जाणार.

कुरिअरवाल्याला फोन लावला. वाजत राहिला, कुणी उचलला नाही. थेसॉक गाडीची किल्ली शोधू लागला, तोवर सासूबाई फाटकापाशी पोहोचल्यासुद्धा. गावचे माजी सरपंच मानसूकाका रिकामा ट्रक घेऊन उभे होते, त्यांना त्यांनी खालूनच हाक मारली. मग मागे वळून म्हणाल्या, “तू बॅगा आणि पोरीला घेऊन स्टँडवर ये. बोमची आई, तू चढ.”

ट्रक काय पळाला! मानसूकाका एरवी बैलाच्या चालीनं चालवतात, आज त्यांनी वळणावरही ब्रेकला पाय लावला नाही. सासूबाई मधे बसल्या होत्या, मिरचीनं माखलेले हातमोजे वर धरून, कुठं लागू नये म्हणून. तो पोरगा फोन गाडीत टाकून पुलापाशी हाडांचं सूप प्यायला बसतो, त्या म्हणाल्या, बाराला तिथून उठतो, आणि एकदा गोदामात खोके गेले की सोमवारशिवाय बाहेर येत नाहीत. मिरानचं सगळं लक्ष घड्याळाकडे होतं, पण खरं सांगायचं तर तिला थोडी मजाही वाटत होती. पूल आला. कुरिअरची गाडी दारातच उभी होती. सासूबाई उतरल्या आणि तडक सूपच्या दुकानात घुसल्या.

मिरानही उतरायला लागली, तर मानसूकाका म्हणाले, “बसा तुम्ही. त्या बघतील.” मग समोरच्या काचेकडे बघत म्हणाले, “यंदा गावानं त्यांना वेड्यात काढलंय, माहीत आहे का? चाळीस वर्षांत दहिवराआधी कोबीला हात लावला नाही बाईनं. कवळ्या कोबीची किमची लवकर आंबते, हे शेंबड्या पोरालाही कळतं. माझी बायको म्हणाली, दोन आठवडे थांबा की. तर म्हणाल्या, दोन आठवड्यांनी सून तिकडं पोरांची कामं करत असेल, आणि तुम्ही इथं म्हणाल सून किमजांग टाळून पळाली. कोबी कवळा तर कवळा. माझी सून माझ्या ताडपत्रीवर बसूनच जाईल.”

पाचर म्हणून मिरान ज्याला महिनाभर शिव्या घालत होती, ते हे होतं. एवढं मनात होतं तर बाईनं तोंडानं सांगायला काय झालं होतं, असा तिला रागही आला, आणि रडूही आलं.

तेवढ्यात सासूबाई कुरिअरवाल्याला बकोटीला धरल्यासारखं घेऊन आल्या. तो तोंडातला घास चावत सांगत होता की खोका नोंदवला गेलाय, पाठवणाऱ्याची सही झाल्याशिवाय परत मिळत नाही, आणि आत काय आहे तेही पाहावं लागेल. पाठवणाऱ्या सासूबाईच होत्या. त्यांनी हातमोजा दातानं ओढून काढला, सही केली आणि चिकटपट्टी फाडली. सगळ्यात वरच सगळ्यात लहान मास्क होता. त्यांनी तो उचलला. त्यांच्या तळहाताच्या खळग्यात तो पुरता मावला.

“हा केवढ्याला?” त्यांनी विचारलं.

“तीन महिन्यांच्या बाळाला, आई.”

त्यांनी तो जागच्या जागी ठेवला, पुन्हा चिकटपट्टी मारली, तीनदा मारली, आणि खोका स्वतःच्या मांडीवर घेऊन ट्रकमध्ये बसल्या. स्टँडवर पोहोचेपर्यंत त्यांनी तो कुणाच्या हाती दिला नाही.

बसचं इंजिन सुरू होतं. थेसॉक बॅगा चढवून दारात उभा होता, बोम बाकावर उभी राहून हात हलवत होती. तिच्या देखत पहिल्यांदाच तिची आई विमानानं चालली होती, म्हणून ती येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ते सांगत होती. मिराननं तिला उचललं, तिचे पटापट मुके घेतले, वीस गड्डे राहिलेत, आजीला मदत कर, म्हणाली. बोम म्हणाली, आजीनं मला माझे हातमोजे दिलेत.

मिरान खोका घ्यायला वळली. सासूबाईंनी खोका थेसॉककडे दिला, त्याला दोन शब्द सुनावले, आणि एप्रनच्या खिशातून एक छोटा डबा काढला. आत एकच गुंडाळलेलं पान होतं, चांगलं मुठीएवढं. म्हणजे सकाळीच करून ठेवलेलं.

“आ कर.”

मिराननं तोंड उघडलं. घास एवढा मोठा होता की तिला धड चावताही येईना, गाल फुगले, मसाला ओठाबाहेर आला. बोम खदखदून हसली. सासूबाईंनी उघड्या हातानं तिचा ओठ पुसला.

“कवळा कोबी आहे, बोमची आई,” त्या म्हणाल्या. “लवकर आंबेल. आंबायच्या आत ये.”

भरल्या तोंडानं मिराननं नुसती मान हलवली आणि बसमध्ये चढली.