गाडीआधी आलेलं कव्हर

मी गाडीचं कव्हर बोलतोय. हो, कव्हरच. गाडी बोलेल या आशेने कान टवकारले असतील तर माफ करा. गाडीला बोलायला सवड नसते, तिचा सगळा दिवस स्वतःला आरशात बघण्यात जातो. ऐकायचं, झाकायचं आणि मनात ठेवायचं काम आमच्याकडे असतं. आज मात्र मी काही मनात ठेवणार नाही.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. मला शिवणाऱ्या बाईंना बोलायची भारी हौस. उजवीकडच्या बाईशी त्या सुनेबद्दल बोलायच्या आणि डावीकडच्या बाईशी जावयाबद्दल. सुनेचा विषय जास्त चालायचा, म्हणून माझी उजवी शिवण जरा तिरकी आहे. बाकी मी देखणा. बाहेरून चंदेरी, आतून मऊ फलालीन, खाली सगळीकडून इलास्टिक. मला ज्या पिशवीत भरलं तिच्यावर एका उंच, रुबाबदार गाडीचं चित्र होतं. लग्न ठरलेल्या मुलाने फोटो बघत बसावं तसा मी त्या चित्राकडे बघत शोरूममध्ये आलो.

शोरूममध्ये गाड्या सोडून सगळं होतं. सोफे होते, कॉफीचं मशीन होतं, टाय लावलेला विक्रेता होता. तेव्हा गाड्यांची टंचाई चालू होती. नखाएवढी कसलीशी चिप मिळत नव्हती, म्हणून हत्तीएवढ्या गाड्या कारखान्यात अडून बसल्या होत्या. मधोमध एक गाडी चकाकत उभी होती, पण ती विकायची नव्हती. नुसती बघायची आणि सुस्कारा टाकून कॉफी प्यायची.

अशा दिवसांत माझे मालक तिथे आले. त्यांचं चष्म्याचं दुकान. उंचीने बेताचे, मनाने सरळ. उभा जन्म त्यांनी लहानशी गाडी चालवली आणि सिग्नलला प्रत्येक वेळी शेजारच्या गाडीचं चाक पाहिलं. "मला एकदा तरी वरून बघायचंय हो," ते विक्रेत्याला म्हणाले. त्यांचा आवाज असा झाला होता की माझंसुद्धा फलालीन ओलावलं.

"तीन महिन्यांत वर बसाल, सर," विक्रेता म्हणाला. तीन महिने ऐकून गिऱ्हाईक उठून जाईल, या भीतीने त्याने मला त्यांच्या हातात कोंबलं. "हे आमच्याकडून भेट. गाडी मागून येतेच आहे."

बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, ही म्हण मालकांना माहीत होती. तरीही त्यांनी त्याच आठवड्यात जुनी गाडी विकून टाकली. टंचाईमुळे जुन्या गाडीवरसुद्धा लोकांच्या उड्या पडत होत्या. घेणाऱ्याने दारातच चावी मागितली आणि यांनी हसत हसत देऊन टाकली. आता घरात गाडीच्या नावाने एकटा मीच होतो.

आमच्या इमारतीत पार्किंगच्या जागा कमी आणि माणसं फार. सेक्रेटरीसाहेब नियमाचे पक्के. जागा तीस दिवस गाडीविना राहिली की यादीतल्या पुढच्या माणसाला जायची, मग तो कुणी का असेना. यादीत पुढे होत्या दुसऱ्या मजल्यावरच्या वकीलबाई. त्यांची स्वतःची अजून गाडी नव्हती, पण रोज ऑफिसला जाताना त्या आमच्या रिकाम्या जागेसमोर थांबायच्या आणि बोटांवर काहीतरी मोजायच्या.

पंचविसाव्या दिवशी मालकांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी विक्रेत्याला फोन लावला.

"सर, गाडी जहाजावर चढली आहे," विक्रेता म्हणाला.

"मग येतेय ना?"

"जहाज अजून निघालेलं नाही, सर."

मालक डोकं धरून बसले. मालकीणबाई शाळेत गणित शिकवतात. कुठलंही संकट आलं की आधी मोजमाप घ्यायचं, हा त्यांचा स्वभाव. त्यांनी माझी पिशवी समोर ओढली. "अहो, गाडी नसली तरी कव्हर आहे ना? आत काय आहे ते कोण बघतंय? बाबा, तुम्हाला जमेल?"

बाबा म्हणजे मालकीणबाईंचे वडील. पन्नास वर्षं सुतारकाम केलेला माणूस. गुडघे कुरकुरायला लागले तसं लेकीने त्यांना दुकान बंद करायला लावून घरी आणलं होतं. घरात त्यांना काही कमी नव्हतं, काम तेवढं नव्हतं. दिवसभर खिडकीत बसायचे. मधूनच उठून स्वयंपाकघरातल्या कपाटाचं दार उघडायचे, बिजागरी तपासायचे, बंद करायचे आणि परत खिडकीत. बोलणं तर जवळजवळ थांबलंच होतं. त्या दिवशी त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "लांबी किती?"

पुढचे चार दिवस मी घडीतून मान वर काढून पाहत होतो. जुना पलंग, कपाटाची दोन दारं, एक मोडका सोफा, चार गोल स्टुलं. लेक माहितीपत्रकातून आकडे वाचायची आणि बाप करवत चालवायचा. स्टुलं आडवी पाडून काळी रंगवली, ती झाली चाकं. दोन कढया लावल्या, ते झाले आरसे. जावई म्हणाले, "बाबा, आता भराभर खिळे मारून टाका, वरून झाकायचंच आहे."

बाबांनी रंधा खाली ठेवला. "जावईबापू, खिळे मारायला मी काय खोकी बनवतोय? सांधा बसवीन."

आणि खरंच बसवला. जे कुणाला दिसणार नव्हतं ते त्यांनी जास्त नीट केलं. उघडणारी दारं केली. स्टिअरिंग केलं. मागच्या सीटला हात टेकायची जागा केली, आणि तिच्यात चहाचा पेला ठेवायला गोल खाचही. एकोणतिसाव्या दिवशी, सगळे कामावर गेले असताना, ती लाकडी गाडी खाली उतरवून जोडली आणि मला तिच्यावर चढवलं. अंगाला अंग लागलं. खरं सांगतो, ठरलेली नवरी ही नव्हे, हे मला कळत होतं. पण इलास्टिक इतकं चपखल बसलं की मी काही बोललो नाही.

संध्याकाळपर्यंत इमारतीत बोभाटा झाला, चष्मेवाल्यांची गाडी आली! माणसांची एक गंमत मी तेव्हा शिकलो. न पाहिलेल्या वस्तूचं कौतुक करायला त्यांना जास्त शब्द सुचतात. तळमजल्यावरचे दातांचे डॉक्टर माझ्यावर हात ठेवून म्हणाले, "काय बांधणी आहे! हल्लीच्या गाड्यांत अशी मजबुती नाही." ते तर बरोबरच होतं, अस्सल सागवान होतं. चौथ्या मजल्यावरच्या काकूंनी पुढची पायरी गाठली. त्यांनी म्हणे ही गाडी पुलावरून जाताना पाहिली. "आवाजच नाही हो तिला," त्या म्हणाल्या. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे आमच्या घराण्याचं ब्रीदवाक्य आहे.

वकीलबाईंना मात्र संशय होता. "चष्मेवाले, गाडी कधी बाहेर काढत नाही?"

"डॉक्टरांनी चालायला सांगितलंय," मालक म्हणायचे आणि खरोखर चालत दुकानात जायचे. तीन महिन्यांत त्यांचं पोट आत गेलं. उंची तेवढी वाढली नाही.

जहाज निघालं, मग वळलं, मग कुठल्याशा बंदरात थांबलं. तीनाचे नऊ महिने झाले. पण बाबांची स्वारी खुशीत होती. जेवण झालं की हळूच खाली यायचे, माझी मागची कड उचलायचे आणि आत शिरायचे. रोज काहीतरी नवं. कधी दाराला मूठ, कधी डोकं टेकायला गादी. काम झालं की स्टिअरिंगवर हात ठेवून तासभर झोपायचे. आत भुशाचा वास आणि त्यांचं बारीक घोरणं. त्या दिवसांत मी फार सुखी होतो.

मग ती दुपार आली. सेक्रेटरीसाहेब जिन्यावरची नोटीस सरळ करायला गेले आणि स्वतः वाकडे पडले. पाय सुजून भोपळा झाला. रुग्णवाहिकेला वीस मिनिटं लागणार होती, टॅक्सी मिळत नव्हती आणि इमारतीतल्या बाकीच्या गाड्या बाहेर गेल्या होत्या.

"मूर्खासारखे उभे काय राहिलात?" वकीलबाई कडाडल्या. "खाली अख्खी गाडी उभी आहे!"

रविवार होता, मालक घरीच होते. ते धावत खाली आले. साहेबांना वॉचमनने एका बाजूने आणि डॉक्टरांनी दुसऱ्या बाजूने धरलं होतं. मालक ततपप करू लागले. "त्याचं काय आहे, चावी... म्हणजे बॅटरी..."

"आधी कव्हर काढा!" असं म्हणून वकीलबाईंनीच मला धरून ओढलं.

मी सगळा जोर लावून धरून ठेवलं हो. पण इलास्टिकचं बळ ते किती. मी सटकन निघालो आणि वॉचमनच्या डोक्यावर पडलो. जे दिसलं ते त्याच्या टोपीवरून पाहिलं. पलंगाची गाडी, कढयांचे आरसे, आणि स्टिअरिंगवर हात ठेवून गाढ झोपलेले बाबा.

उजेडाने बाबांची झोप चाळवली. त्यांनी डोळे उघडले, साहेबांचा सुजलेला पाय पाहिला आणि अगदी अदबीने विचारलं, "कुठे जायचंय?"

पहिल्यांदा हसले ते साहेब. पाय धरून हसले, कळवळले, परत हसले. उभं राहवत नव्हतं म्हणून त्यांना मागच्या सीटवरच बसवलं. रुग्णवाहिका येईपर्यंत ते तिथे बसून होते. कुणीतरी चहा आणला, तर पेला ठेवायला खाच सापडली. "बैठक उत्तम आहे," जाताना ते म्हणाले. मग चेहरा गंभीर करून, स्ट्रेचरवरूनच, "पण चष्मेवाले, नियम तो नियम. जागा वकीलबाईंची."

मालकांनी मान खाली घातली. इतरांना स्पष्ट दिसावं म्हणून आयुष्य घालवलेला माणूस, आणि त्यानेच शेजाऱ्यांच्या डोळ्यांवर कव्हर घातलं होतं. त्यांना खरोखर लाज वाटली. बाबांनी गाडी सांध्यासांध्यातून सोडवली, फळ्या घराच्या बाल्कनीत रचल्या आणि परत खिडकीत जाऊन बसले.

आणि आठव्या दिवशी जहाज लागलं! दात होते तेव्हा चणे नव्हते, चणे आले तेव्हा दात नाहीत. काळी, उंच, डौलदार गाडी दारात आली आणि तिला उभं राहायला जागा नव्हती. शेवटी बाहेर रस्त्यावर, झाडाखाली लावावी लागली. मालकांनी मला काढलं. माझी पिशवीवरची नवरी! मी थरथरत तिच्या अंगावर गेलो आणि मागच्या दाराशी अडकलो. इतक्या महिन्यांत मॉडेल बदललं होतं, गाडी वीतभर लांब झाली होती.

मालकांनी विक्रेत्याला नवं कव्हर मागितलं.

"सर, सध्या कव्हरांची टंचाई आहे," तो म्हणाला.

तसाच अर्धवट चढून मी दिवस काढले. गाडी दिसायला छान, पण आत गारठा. भुशाचा वास नाही, घोरणं नाही. जरा वारा आला आणि मी हललो की ती चोर चोर म्हणून बोंबलायची. मालक मात्र रोज सकाळी तिच्यात चढायचे आणि वरून बघायचे. चढायला बाबांचं एक जुनं स्टूल लागायचं.

अशात एक दिवस आमच्या घराची बेल वाजली. मी तेव्हा धुऊन दारामागच्या दोरीवर वाळत होतो. दारात वकीलबाई. कडाडणाऱ्या बाई, पण आज आवाज खाली.

"सुतारकाका आहेत का? माझं जरा काम होतं. उद्या तिसावा दिवस आहे. मीही गाडी नोंदवली आहे, पण..."

"जहाज?" मालकीणबाईंनी विचारलं.

"निघालेलंच नाही."

खिडकीतले बाबा वळले. त्यांनी आपोआप चष्मा कपाळावर चढवला.

आता यादीत पुढचं नाव कुणाचं होतं, ठाऊक आहे? आमच्या मालकांचं! एक दिवस गप्प बसायचं, मग साहेबांच्या कानावर घालायचं, की जागा परत आणि नवी गाडी झाडाखालून आत. मालकांच्या मनात ते आलं, मला दिसलं. ते बाहेर पडले, जिन्यापर्यंत गेले. मागून खरखर आवाज आला. बाबा फळ्या काढत होते, आणि तोंडाने काहीतरी गुणगुणत होते. कितीतरी दिवसांनी. मालक थांबले, परत आले, मला दोरीवरून काढून घडी घातली आणि बाबांच्या हातात दिलं.

"बाबा, तिची गाडी केवढी आहे ते विचारून घ्या. नाहीतर हे कव्हर ढगळ होईल."

"ढगळ कशाला होईल?" बाबा म्हणाले. "गाडी कव्हरच्या मापाची करतो."

तर सध्या माझं असं चाललंय. वकीलबाईंच्या जागेत, लाकडी गाडीवर, माझ्या मापाने बेतलेल्या अंगावर मी आहे. माझी तिरकी शिवण बाबांनी दाभण घेऊन सरळ केली. साहेबांना सगळं ठाऊक आहे. दुपारी काठी टेकत येतात, चहाचा पेला खाचेत ठेवतात आणि म्हणतात, "मी काहीही पाहिलेलं नाही." दातांच्या डॉक्टरांनी मागची सीट शुक्रवारसाठी सांगून ठेवली आहे. आणि मालक? त्यांच्या उंच गाडीवर पाखरं घाण करतात, ते रोज स्टुलावर उभं राहून पुसतात आणि तिथूनच बाबांना हात करतात.

तुमच्याकडे एकच मागणं आहे. कुठे झाकलेली गाडी दिसली तर कव्हर ओढू नका, आधी हलकेच टकटक करा. आत आमचे बाबा झोपलेले असतील. घाईचं काम असेल तरच उठवा, आणि कुठे जायचंय ते मात्र आधी ठरवून या, कारण उठल्या उठल्या ते तेच विचारतात.